कागदाच्या पोटातलं आम्ल

जुनं वर्तमानपत्र उलगडताना कडेचा तुकडा हातात येतो. आपण दोष वाळवीला देतो, दमटपणाला देतो, फार तर काळाला. पण तीनशे वर्षांपूर्वीची नोंदवही चिवट राहते आणि शंभर वर्षांचा कागद पाचोळ्यासारखा मोडतो, तो कसा?

पूर्वी कागद चिंध्यांपासून बनायचा. सुती आणि तागाच्या चिंध्यांत सेल्युलोजच्या, म्हणजे धाग्यांना चिवटपणा देणाऱ्या पदार्थाच्या, लांबलचक साखळ्या असतात. एकोणिसाव्या शतकात चिंध्या पुरेनात आणि लाकडाचा लगदा आला. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ, उजेडात पिवळं पडतं. खरा घात मात्र तुरटीने केला. शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी द्यायची युक्ती मोरिट्झ इलिगने १८०७ मध्ये प्रसिद्ध केली. ओलाव्यात तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजची साखळी जागोजाग तोडतं. साखळी तुटताना आणखी आम्लं तयार होतात, म्हणजे नासाडीचा वेगही वाढतच जातो. मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची जुनी शाई तर अक्षरांच्या आकाराची भोकंच पाडते!

मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमच्या संयुगांनी हे आम्ल मारता येतं, थोडा अल्क, म्हणजे आम्लाला मारणारा पदार्थ, कागदात शिल्लकही ठेवता येतो. पण तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. त्यामुळे कागद मोडायला लागण्याआधीच हे करावं लागतं. थंड, कोरडी खोली मिळाली तरी आयुष्य बरंच वाढतं.

मग सगळं संगणकात टाकलं की झालं? इंग्लंडमध्ये १०८६ सालची जमीन-महसुलाची पाहणी, डोम्सडे बुक, चर्मपत्रावर आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी बीबीसीने लोकांकडून गावोगावची माहिती गोळा करून लेझर डिस्कवर घातली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली. शेवटी संशोधकांनी त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा कुठे ती माहिती हाती आली. म्हणून आता फायली दर काही वर्षांनी नव्या साधनांवर हलवतात आणि प्रत्येकीची आकडेमोडीने काढलेली खूण जपतात. फायलीतला एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, जरी बदलला तरी खूण जुळत नाही. मग दूर कुठेतरी ठेवलेली दुसरी प्रत कामाला येते.

समूहाच्या जुन्या फोटोत मात्र माणसं कोण, हे कुठलंच रसायन सांगत नाही. नावं मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने लिहावीत. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. ते उडतही नाही, पाण्याने फुटतही नाही.