सत्तरीची रेंज आणि दिल्लीतला हिशेब

सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे ठाणे-डोंगुर्लीच्या बाजूला गेलं, किंवा तिकडे दक्षिणेत नेत्रावळी, खोतीगावच्या आत शिरलं की फोनची रेंज जाते हे गोव्यात कुणाला नव्याने सांगायला नको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आतल्या गावांतली मुलं ऑनलाइन क्लाससाठी डोंगरावर चढून बसायची, बातम्या आल्या, फोटो आले, आणि सगळीकडून एकच मागणी झाली की टॉवर घाला. मागणी बरोबरच आहे. पण टॉवर उभा राहायच्या आधी बरंच काही ठरलेलं असतं, सेवा कुठल्या फ्रिक्वेन्सीवर द्यायची, ती फ्रिक्वेन्सी किती रुपयांना विकायची, मशीन कुठल्या परिस्थितीसाठी बनवायचं, आणि हे ठरवायला देशात अशी माणसं लागतात ज्यांना रेडिओ लहरींचं गणितही येतं आणि पैशाचंही. टेलिकॉम सुधारणा म्हटलं की आपण कायदे आणि कंपन्यांबद्दल बोलतो, या माणसांबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी डोंगराचं बघू. मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या लांबीच्या असतात, फ्रिक्वेन्सी जितकी वर तितकी लहर आखूड. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटीमीटर लांब, २१०० ची १४ सेंटीमीटर, आणि फाईव्ह जीला वापरतात ती ३५०० ची तर ९ सेंटीमीटरपेक्षाही कमी. लांब लहर डोंगराच्या कड्यावरून जास्त वाकून पलीकडे उतरते, भिंतीतून जास्त आत जाते, झाडांमध्ये कमी अडते. आपली कुळागरं म्हणजे माड, पोफळी, केळी एकमेकांना लागून, त्यात पावसात भिजलेली पानं, आणि पाणी लहर शोषून घेतं, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीची तिथे वाट लागते. मोकळ्या मैदानातसुद्धा तितक्याच ताकदीच्या टॉवरवरून, तितक्याच अंतरावर, साध्या अँटेनाला २१०० चा सिग्नल ७०० च्या नवव्या हिश्शाइतकाच मिळतो. म्हणजे सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांसाठी ७०० हा सोन्यासारखा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा.

आता हा बँड देशात काय भावाने विकायला ठेवला ते बघा. २०१६ च्या लिलावात अख्ख्या देशासाठी एका मेगाहर्ट्झची किमान किंमत होती ११,४८५ कोटी रुपये. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली, तरी कुणी हात लावला नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी ठेवली तेव्हा कुठे जिओने १० मेगाहर्ट्झ घेतलं. म्हणजे पहिल्या लिलावापासून सहा वर्षं खेड्यांसाठी सगळ्यात उपयोगी लहरी नुसत्या पडून राहिल्या, आणि मुलं डोंगरावर बसलेलं २०२० याच सहा वर्षांत येतं. ७०० विकला गेला असता तर सत्तरीत नक्की रेंज आली असती असं मी म्हणत नाही, कंपनी आधी शहराकडेच धावते. पण किंमत चुकली की काय होतं ते इथे दिसतं. स्पेक्ट्रम, म्हणजे या फ्रिक्वेन्सी, साठवून ठेवता येत नाही, आजचा दिवस न वापरता गेला की गेला.

किंमत बरोबर काढणं हे खरंच कठीण काम आहे. टेलिफोन खातं स्वतःच सेवा द्यायचं आणि स्वतःच नियम करायचं, ते बदलायला १९९७ मध्ये ट्राय हे टेलिकॉमचं नियामक मंडळ आलं, २००० मध्ये भांडणं सोडवायला वेगळं न्यायाधिकरण झालं आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बीएसएनएल कंपनी झाली. कागदावर सुधारणा पूर्ण! पण ट्रायसमोर प्रश्न कसले येतात, तर एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर उतरला तर पहिलीने दुसरीला मिनिटाला किती पैसे द्यायचे. हा दर २००९ मध्ये २० पैसे होता, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६, आणि २०२१ पासून शून्य. ऐकायला किरकोळ वाटतं पण कोट्यवधी मिनिटांवर ६ पैसे म्हणजे कंपनी जगते की मरते एवढा फरक, आणि प्रत्येक कंपनी आपला जाडजूड हिशेब घेऊन येते, टॉवर किती, डिझेल किती, संध्याकाळच्या गर्दीच्या तासाला लोड किती. तो हिशेब उलगडून त्यातली चूक दाखवणारे इंजिनिअर आणि अर्थतज्ज्ञ नियामकाकडे स्वतःचे नसतील तर ज्याचा वकील मोठा त्याचं खरं. कितीतरी विकसनशील देशांत नियामक कायद्याने उभा राहतो आणि इथेच अडकतो.

मशीनचंही तसंच. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी टेलिकॉम संशोधन संस्था सुरू झाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने, ३६ महिन्यांची मुदत आणि ३६ कोटींचं बजेट घेऊन, आणि त्यात बहुतेक तरुण इंजिनिअर होते. परदेशी डिजिटल एक्सचेंजला, म्हणजे कॉल जोडणाऱ्या मशीनला, एसी खोली लागायची, आपल्या खेड्यात तेव्हा पंख्याला वीज पुरायची नाही. शिवाय तिकडे घरोघरी फोन, इकडे एका फोनवर अख्खी वाडी बोलणार, म्हणजे एकेका लाइनवरचा लोड कितीतरी जास्त. सी-डॉटने १२८ लाइनचं छोटं एक्सचेंज बनवलं जे एसीशिवाय चालायचं, आणि पहिलं बसलं ते आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कित्तूरला, १९८६ मध्ये. मला यात मशीनपेक्षा मोठी गोष्ट ही वाटते की आपली परिस्थिती काय आहे हे लिहून काढून त्यावरून डिझाइन करणारी एक पिढी तयार झाली.

तेच काम पुढे फाईव्ह जीच्या वेळी झालं आणि याबद्दल फारच कमी लोकांना माहिती आहे. फाईव्ह जीत काय काय जमलंच पाहिजे याच्या अटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवतो, आणि तिथे सगळी चर्चा दाट शहरं, वेगाने जाणाऱ्या गाड्या, कारखाने यांची. भारताच्या इंजिनिअरांनी तिथे जाऊन मांडलं की आमच्याकडे फायबर पंचायतीपर्यंत पोचतोय, टॉवर तिथेच परवडतो, आजूबाजूच्या वाड्या त्या एका टॉवरवरून झाल्या पाहिजेत, म्हणून दोन टॉवरमध्ये ६ किलोमीटर अंतर धरून चाचणी ठेवा. ती अट स्वीकारली गेली, ७०० च्या बँडवर, लो मोबिलिटी लार्ज सेल (हळू फिरणारे लोक, एका टॉवरचा मोठा परिसर) या नावाने. मीटिंगमध्ये बसून, सिम्युलेशन दाखवून, आक्षेपांना आकड्यांत उत्तर देऊन हे मिळतं. असा माणूस तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि मध्येच बदली झाली की सगळं परत पहिल्यापासून.

गोव्यात ही क्षमता खालपर्यंत यायला हवी असं मला फार मनापासून वाटतं. आपल्या ग्रामसभांत टॉवरवरून वाद होतात, एका गावाला रेंज हवी असते, दुसऱ्याला रेडिएशनची भीती असते, आणि दोन्हीकडे मोजलेला आकडा कुणाकडेच नसतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली आहे, ते मोजायची मीटर असतात. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कुंकळ्ळीला एनआयटी आहे, मुलांना प्रोजेक्ट हवेच असतात, तर एकेका पंचायतीचं मोजमाप त्यांना का देऊ नये?

रेंज मोजायला तर मीटरही नको. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नल डीबीएम या ताकदीच्या मापात दिसतो, फोर जीला वजा ९० च्या आसपास असेल तर चांगला, वजा ११० च्या खाली गेला तर फार कमजोर, आणि दर १० च्या फरकाला ताकद दहापट बदलते. वाड्यावाड्यातून फिरून हे आकडे, वेळ आणि जागा लिहून घ्या, पावसात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा टाकावा लागतो. तो नकाशा आणि तुमचे आकडे ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवा, आणि कंपनीचा माणूस आला की त्याला विचारा आमच्या टॉवरवर कुठला बँड लावलाय.