हा एरोड्रम सांबऱ्याचा नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक काळा-पांढरा फोटो येऊन पडला. आकाशातून घेतलेला. एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्यांचा त्रिकोण, भोवती शेतं, कडेला चार-पाच विमानं. खाली मजकूर : ‘आपलं सांबरा विमानतळ, १९४२. दुर्मिळ! प्रत्येक बेळगावकराने पुढे पाठवा.’ तासाभरात अंगठ्यांचा नि फुलांचा ढीग लागला.

सांबऱ्याचं विमानतळ ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने १९४२ मध्ये बांधलं, हे खरं आहे. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून ‘एरोड्रम’च म्हणतात. मला शंका आली ती त्रिकोणाची. ती बोलून दाखवताच एका मित्राने फोटोचा कोपरा मोठा करून पाठवला. पट्टीच्या टोकाशी पुसटसा आकडा होता, २६. ‘सांबऱ्याची पट्टी ०८-२६च आहे. आता बोल!’

बोलायला पाहिजेच होतं.

धावपट्टीवरचा आकडा हा तिचा अनुक्रमांक नसतो, ती तिची दिशा असते. उतरणाऱ्या विमानाचं तोंड होकायंत्रावर जितक्या अंशांवर असेल, त्याला दहाने भागायचं आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा. २६ म्हणजे साधारण २६० अंश, म्हणजे पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला. उलट्या टोकाला ८० अंश, म्हणून ०८. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं, त्यामुळे पट्टी कशी आखायची हे वारा ठरवतो. आपल्याकडे पावसाळाभर पश्चिमेचा वारा कसा अंगावर येतो, हे टिळकवाडीत छत्री उलटी झालेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. म्हणूनच हुबळीची पट्टीही ०८-२६ आणि गोव्यातल्या दाभोळीचीही ०८-२६. अशा पट्ट्या जगभर पसरल्या आहेत. नुसत्या आकड्यावरून गाव ओळखणं म्हणजे पाटील आडनावावरून माणूस ओळखण्यासारखं आहे.

वरून बघून विमानतळ ओळखताना भलेभले चुकतात. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलं आणि पट्टी संपल्यावर पुढे घसरत गेलं. जुहूची पट्टी ०८-२६, सांताक्रूझची ०९-२७, आणि दोन्ही एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. वैमानिक तर जागेवर हजर होता. आपल्या हातात फक्त फोटो.

तरीही त्या २६ चा मला फार उपयोग झाला. आकडा सुलटा वाचता येईल असा फोटो धरला की वरची बाजू २६० अंशांची होते. मग उत्तर उजव्या हाताला, जराशी खाली. शिवाय आकडा आरशातल्यासारखा उलटा दिसत नाही, म्हणजे निगेटिव्ह पालथी ठेवून छापलेली नाही. जुन्या फोटोंत हा घोटाळा पुष्कळदा होतो. उत्तर सापडली की फोटोतला सर्वांत खरा साक्षीदार बोलता होतो. तो म्हणजे सावली.

कडेला उभ्या विमानांत एक डाकोटा होतं. हे विमान इतकं प्रसिद्ध आहे की त्याची मापं कुठेही मिळतात : पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत २९ मीटर, लांबी साडेएकोणीस मीटरच्या आसपास, जमिनीवर उभं असताना उंची ५.२ मीटर. खडेबाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी तो कोपरा असा मोठा करून घेतला की पंख बरोबर २९ मिलिमीटर भरले. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. मग लांबी मोजली, ती साडेएकोणीस मिलिमीटरच्या जवळपास आली. याचा अर्थ कॅमेरा बऱ्यापैकी सरळ खाली रोखलेला होता. तिरका असता तर हे प्रमाण बिघडलं असतं. आता सावली : ११ मिलिमीटर, आणि तिची दिशा जवळजवळ नेमकी उत्तर.

५.२ मीटर उंच वस्तूची सावली ११ मीटर. ५.२ भागिले ११ म्हणजे ०.४७, आणि ०.४७ हा ज्या कोनाचा टँजंट आहे तो कोन २५ अंश. म्हणजे सूर्य क्षितिजापासून फक्त २५ अंश वर होता. सावली उत्तरेला, म्हणजे सूर्य बरोबर दक्षिणेला. म्हणजेच ती माध्यान्हाची वेळ.

इथेच सगळं फिसकटतं. बेळगाव पावणेसोळा-सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातला सगळ्यात खालचा दुपारचा सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास असतो, आणि तेव्हाही तो बेळगावात जवळपास ५१ अंश वर येतो. त्या दिवशी भर दुपारी सांबऱ्यात उभ्या डाकोटाची सावली सव्वाचार मीटर पडेल, अकरा नाही. जूनमध्ये तर सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेकडे सरकलेला असतो. तेव्हा दुपारची सावली जेमतेम ७० सेंटीमीटर आणि तीही दक्षिणेला! मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो तो यामुळेच. उन्हात काठी रोवून बघा, गंमत वाटते. त्यात शुभ-अशुभ काही नाही.

ज्याला त्रिकोणमितीचा कंटाळा आहे त्याने हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. मित्राने रास्त प्रश्न केला : ‘दुपार कशावरून? सकाळचे आठ-नऊ वाजले असतील. तेव्हा सूर्य खालीच असतो की!’ याचं उत्तर एका सूत्रात आहे. सूर्याच्या क्रांतीची साइन = अक्षांशाची साइन × उन्नतीची साइन + अक्षांशाची कोसाइन × उन्नतीची कोसाइन × दिगंशाची कोसाइन. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे तो कोन. तो वर्षभर अधिक २३.४ ते उणे २३.४ एवढ्यातच फिरतो. उन्नती म्हणजे क्षितिजापासूनची उंची, इथे २५ अंश. दिगंश म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली दिशा. बेळगावचा अक्षांश घालून क्रांती उणे २३.४ पर्यंत ताणली, तरी दिगंश १२६ च्या पुढे जात नाही. साध्या भाषेत : बेळगावात सूर्य २५ अंशांवर असताना तो सकाळी जास्तीत जास्त आग्नेयेपर्यंत कलतो (डिसेंबरात, सकाळी नऊच्या सुमारास), आणि सावली उत्तरेपासून किमान ५४ अंश पश्चिमेला ढळलेली असते. संध्याकाळी तेवढीच पूर्वेला. फोटोतली सावली उत्तरेला चिकटलेली आहे.

माझ्या मोजण्यात चूक नसेल असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो चिरडून पाठवला होता, सावलीची कड पिंजलेल्या कापसासारखी. समजा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला. मग सूर्य २३ ते २७ अंशांत कुठेतरी. २६ हा आकडाही पूर्णांकात आणलेला, म्हणजे त्यात पाच अंशांची ढिलाई. आणि होकायंत्र खरी उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवतं. भारतात हा फरक किरकोळ आहे, पण ब्रिटनमध्ये त्या काळी तो दहा-एक अंश होता. (चुंबकीय ध्रुव सरकत राहतो म्हणून आकडेही बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची ०५-२३ पट्टी २००९ मध्ये ०४-२२ झाली.) या सगळ्या चुका एकाच बाजूला रचल्या तरी ५४ अंश भरत नाहीत.

उलट गणितही करता येतं. माध्यान्हाचा सूर्य २५ अंशांवर दिसायला जागा किती उत्तरेला हवी? ९० मधून २५ आणि २३.४ वजा केले की उरतात ४१ आणि काही. हा कमीत कमी अक्षांश झाला, तोही थेट डिसेंबरातला फोटो धरून. श्रीनगर ३४ वर आहे आणि भारताचं उत्तर टोक ३७ वर. म्हणजे हा फोटो सांबऱ्याचा तर नाहीच, अख्ख्या भारतातलाही नाही.

कुणीतरी तोपर्यंत एका एआय अ‍ॅपलाही विचारून टाकलं होतं. त्याने ठणकावून सांगितलं, ‘हे सांबरा, बेळगाव.’ का, तर फोटोखाली तसं लिहिलं होतं! वाचलेलंच परत वाचून दाखवणाऱ्याला आम्ही शाळेत पोपट म्हणायचो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या मेडमेनहॅम इथे फोटो वाचणारी माणसं हेच काम दिवसरात्र करत होती. त्यांच्याकडे पट्टी आणि भिंग होतं, शिवाय एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून खोली दाखवणारा स्टिरिओस्कोप. तिथल्या विमान विभागाच्या प्रमुख कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ च्या अखेरीस जर्मनीतल्या पेनेमुंडेच्या फोटोत रुळासारख्या उतरंडीवरचा एक चिमुकला क्रूस हेरला. ते व्ही-१ हे उडतं बॉम्ब होतं. पंख जेमतेम ५.३ मीटर, आणि फोटोवर मिलिमीटरहूनही लहान.

राहिला त्रिकोण. त्या काळची विमानं हलकी, बाजूचा वारा त्यांना सोसत नसे. वारा कुठूनही आला तरी एक पट्टी सोयीची पडावी म्हणून ब्रिटनमध्ये युद्धकाळात साधारण ६० अंशांच्या कोनात तीन पट्ट्या आखत : एक मोठी, दोन छोट्या. कडेला विमानं विखरून ठेवायला तव्याच्या आकाराचे ओटे, दांड्यासकट. आमच्या फोटोत ते तवे स्पष्ट दिसतात. मात्र एकाच नकाशावर बेतलेली अशी शेकडो विमानतळं तिथे बांधली गेली. त्यांतलं हे कुठलं, हे सावली सांगू शकत नाही. एक अंशाची चूक म्हणजे जमिनीवर १११ किलोमीटर. त्यापुढे रस्त्याचं वळण, रेल्वेचा फाटा, रानाची कड, चर्च असलं काहीतरी धरून नकाशावर बोट फिरवत बसायचं.

माझ्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, यांचं शेत सांबऱ्याच्या कंपाउंडला लागून आहे. रविवारी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि टँजंटपर्यंत पोचायच्या आत त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘आमच्यात असलं वाकडंतिकडं शेत कुठलं रे? आणि बांधावर एवढी दाट झाडी कोण ठेवतंय? सावलीत जोंधळा येतोय व्हय?’ मग त्यांनी बागलकोट रस्ता कुठे दिसतोय ते दाखव म्हणून बोट ठेवलं. तो नव्हताच.

मी सगळं गणित नीट लिहून गटावर टाकलं. उत्तरादाखल तीन नमस्कार आले आणि एक सुप्रभात. आठवड्याने तोच फोटो दुसऱ्या गटातून आला, या वेळी खाली होतं : ‘आपलं कोल्हापूर, उजळाईवाडी विमानतळ, १९३९.’ कोल्हापूरची पट्टी ०७-२५ आहे. निदान आकडा तरी बघायचा.