गोळी कुणाच्या हातून? अमेरिकेतल्या 'मेडिकेशन एड'ची पार्श्वभूमी

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांच्या नावाची पाटी लावलेलं, दहा-पंधरा खाटांचं खासगी इस्पितळ डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. ज्यांना घरी सांभाळणं शक्य राहिलेलं नाही अशा म्हाताऱ्या, जर्जर, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं ते राहतं घर असतं. तिथल्या माणसाला पेशंट म्हणत नाहीत, 'रेसिडेंट' म्हणतात. आणि सकाळी औषधांची कुलूपबंद गाडी ढकलत खोलीखोलीतून जाणारी व्यक्ती अनेक राज्यांत नर्स नसते. ती असते 'मेडिकेशन एड'. काही आठवड्यांचं शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन फक्त औषध देण्याची परवानगी मिळवलेली मदतनीस.

हे पद कुणी विचारपूर्वक आखून जन्माला घातलेलं नाही. गोळ्या आधीच अशिक्षित हातांत गेल्या होत्या. कायदा मागून धावत आला.

1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने गरीब वृद्धांना सरकारी मदत मिळू लागली, पण सरकारी गरीबगृहांसारख्या संस्थांत राहणाऱ्यांना ती नाकारली. मग हातात थोडे पैसे आलेले वृद्ध खासगी घरांकडे वळले आणि तिथून हा धंदा रुजला. 1950 मध्ये कायदा बदलला, संस्थांना थेट पैसे देता येऊ लागले आणि राज्यांना परवान्याची काहीतरी पद्धत ठेवणं भाग पडलं. 30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविमा योजनांच्या कायद्यावर सही केली. आता पैसा सरकारचा, नर्सिंग होम बहुतेक खासगी आणि खाटा भराभर वाढणाऱ्या. नर्स मात्र तितक्या वेगाने तयार होत नव्हत्या. 1967 मध्ये कमी शुश्रूषा लागणाऱ्यांसाठी मधल्या दर्जाच्या संस्थांना मान्यता मिळाली, तिथे तर नर्सची अट आणखीच सैल होती. रात्री-अपरात्री औषध द्यायला जो हजर असेल तो देणार, हे ओघानेच आलं. तो बहुधा अंघोळ घालणारा, चादरी बदलणारा, कुठलंही शिक्षण न मिळालेला मदतनीस असायचा.

सगळा दोष त्या मदतनिसांच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं आहे. 1962 मध्ये केनेथ बार्कर आणि वॉरन मॅककॉनेल या दोघांनी इस्पितळातल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत साधी होती. औषध देताना शेजारी उभं राहून पाहायचं, काय दिलं ते लिहून घ्यायचं आणि नंतर डॉक्टरांच्या लेखी हुकमाशी ताडून बघायचं. चुका कळवण्याच्या कागदांत जेवढ्या नोंदल्या जात होत्या त्याच्या कितीतरी पट चुका प्रत्यक्षात होत होत्या, आणि त्या शिकलेल्या नर्सच्या हातून होत होत्या. बहुतेक वेळा करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. माझ्या मते या विषयातला हाच सगळ्यात महत्त्वाचा शोध आहे: आपल्या हातून चूक झाली हे चुकणाऱ्याला कळतच नाही, म्हणून केवळ त्याच्या प्रामाणिकपणावर व्यवस्था उभी करता येत नाही.

नर्सिंग होमची लक्तरं वेशीवर टांगली ती सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने. जानेवारी 1975 मध्ये तिने केवळ औषधांवर एक स्वतंत्र अहवाल काढला. नर्सिंग होममध्ये दिली जाणारी 20 ते 40 टक्के औषधं चुकीच्या पद्धतीने दिली जातात, एकेका माणसाला दिवसाला सरासरी चारहून अधिक औषधं चालू असतात, गुंगी आणणाऱ्या औषधांचा सुळसुळाट आहे आणि औषधांची गाडी बिनशिक्षणाच्या माणसांकडे आहे, असं त्यात नोंदवलं होतं. औषध दुकानदारांनी नर्सिंग होमला द्यायच्या 'कमिशन'चाही त्यात पंचनामा होता. त्याच सुमारास, 1974 मध्ये, फार्मासिस्टने दर महिन्याला प्रत्येक रेसिडेंटची सगळी औषधं तपासायची असा केंद्राचा नियम आला.

राज्यांपुढे दोन रस्ते होते. औषध फक्त नर्सने द्यायचं असा दंडक घालायचा आणि पुरेशा नर्स नाहीत हे माहीत असूनही डोळे मिटून घ्यायचे, किंवा जो हात गोळी देतोच आहे त्याला शिकवायचं. बऱ्याच राज्यांनी दुसरा धरला, पण प्रत्येकाने आपापल्या परीने. त्यामुळे आजही नावं वेगळी, तास वेगळे. टेक्सासमध्ये 140 तासांचं शिक्षण, इंडियानात वर्गातले 60 आणि प्रत्यक्ष कामाचे 40, व्हर्जिनियात 68. मिझुरीत याच माणसाला 'मेडिकेशन टेक्निशियन' म्हणतात. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असं नाही.

या अभ्यासक्रमांचा कणा म्हणजे नर्सिंगच्या शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या घोकवले जाणारे पाच 'राइट्स': योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नंतर त्यात योग्य नोंदीची भर पडली. ऐकायला बाळबोध वाटतं. पण पहिलाच मुद्दा घ्या. इस्पितळात मनगटावर पट्टा असतो. नर्सिंग होम हे घर असल्यामुळे अनेक ठिकाणी कुणाच्या हाताला पट्टा नसतो. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना "तुम्ही मिसेस अमुक ना?" असं विचारलं तर त्या गोड हसून "हो" म्हणतात, कुठलंही नाव घेतलंत तरी "हो"च म्हणतील. म्हणून औषधाच्या नोंदपत्रकावर फोटो आला. म्हणून प्रश्न "तुमचं नाव काय?" असा विचारायचा, आपण नाव पुरवायचं नाही.

'योग्य मार्ग'चंही तसंच. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून सफरचंदाच्या गरात कालवून देणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. पण दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली गोळी कुटली की चोवीस तासांचा डोस एकदम अंगात उतरतो. अशा न कुटायच्या गोळ्यांच्या याद्या त्यामुळेच तयार झाल्या. आपल्याकडे घरी येणाऱ्या मावशींना "सकाळची गोळी कुटून द्या हं" असं सांगून आपण कामाला निघतो, तेव्हा ती गोळी कुटण्यातली आहे का हे आपल्यापैकी किती जण बघतात?

1987 मध्ये अमेरिकेत नर्सिंग होम सुधारणेचा केंद्रीय कायदा झाला. साध्या मदतनिसालाही किमान 75 तासांचं शिक्षण सक्तीचं झालं, आणि नर्सिंग होमच्या सोयीसाठी माणसाला औषधाने गुंगवून ठेवायचं नाही हा रेसिडेंटचा हक्क ठरला. अशा गुंगवण्याला रासायनिक बेड्या म्हणतात, आणि मला ते नाव अगदी चपखल वाटतं. 1991 मध्ये मार्क बिअर्स या वृद्धवैद्याने वृद्धांना टाळावीत अशा औषधांची यादी मांडली, तीही मुळात नर्सिंग होममधल्या रेसिडेंटसाठीच. तरीही बेड्या लगेच गळून पडल्या नाहीत. 2011 च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्या रेसिडेंटपैकी 23.9 टक्के माणसांना मनोविकारावरची अँटीसायकोटिक औषधं दिली जात होती. 2012 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यावर हा आकडा उतरत गेला.

बार्कर यांची शेजारी उभं राहून पाहण्याची पद्धत पुढे सरकारी तपासणीतही आली. तपासनीस गाडीबरोबर फिरतो, किमान 25 डोस नजरेखालून घालतो आणि मग हुकूम काढून ताडतो. चुकांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत हवं. पंचवीसमध्ये एक चूक म्हणजे 4 टक्के. दुसरी झाली की 8, आणि संस्थेवर ठपका. द्यायचं राहून गेलेलं औषधही चुकीतच धरतात. जिवावर बेतेल अशी एकच चूकसुद्धा पुरते.

पण मेडिकेशन एडने काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, यात या पदाचा खरा इतिहास दडलेला आहे. टेक्सासमध्ये नव्या औषधाचा पहिला डोस तिने द्यायचा नाही. तो नर्सनेच द्यायचा, कारण अंगावर काही उठलं किंवा श्वास अडकला तर ओळखायला शिकलेली नजर हवी. इंडियानात 'गरज पडल्यास' म्हणून लिहिलेलं औषध नर्सला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण गरज आहे की नाही हे ठरवणं हे निदानाच्या जवळचं काम आहे. डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी नाडी मोजायची. ठोके साठाच्या खाली असतील तर गोळी थांबवून नर्सला गाठायचं. गोळी टेबलावर ठेवून निघून जायचं नाही, गिळेपर्यंत समोर थांबायचं.

आणि रेसिडेंट "नको" म्हणाला तर? उपचार नाकारण्याचा त्याला हक्क आहे. तिने समजावायचं, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, पण त्याच्या नकळत गरात लपवून भरवायचं नाही. तरीही तो नकोच म्हणाला तर नर्सला सांगायचं. कागदी नोंदपत्रकावर त्या वेळेच्या चौकोनात आपली आद्याक्षरं लिहून त्यांच्याभोवती गोल काढायचा आणि मागच्या बाजूला कारण लिहायचं: घेतलं नाही, नको म्हणाले.