निसर्ग आणि न्याय एकाच वाक्यात कसे आले

‘शाश्वत आणि न्याय्य समाज’ हे शब्द आता जोडीनंच येतात. जाहीरनाम्यांत, सरकारी धोरणांत, शाळेच्या पुस्तकांतही. इतके सवयीचे झालेत की ते पहिल्यापासून सोबत होते असं वाटतं. तसं नव्हतं. निसर्ग राखायला निघालेले आणि माणसांच्या हक्कांसाठी भांडणारे बराच काळ वेगळ्या वाटांनी चालत होते, कित्येकदा एकमेकांसमोर उभेही ठाकले. त्यांना एकत्र आणलं ते ज्यांच्या दारात विष आलं आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनी. आंतरराष्ट्रीय परिषदांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं, पण पुष्कळ नंतर.

निसर्गरक्षणाची जी वाट जगभर मोठी झाली, तिचा एक उगम अमेरिकेत आहे. 1872मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या, कंदमुळं गोळा करणाऱ्या आदिवासी समूहांना पुढच्या काही वर्षांत उद्यानाबाहेर काढलं गेलं. अस्सल निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा, ही समजूत या नमुन्यासोबत अनेक देशांत गेली. त्यातून वाचलेली जंगलं आणि वाचलेले प्राणी मोलाचे आहेत, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यासाठी कोणाला घर सोडावं लागलं, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

दुसरी वाट मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. मुळशी खोऱ्यात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण बांधायला सुरुवात झाली तेव्हा 16 एप्रिल 1921ला, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. लढा 1924पर्यंत चालला, धरण झालं, वीज मुंबईला गेली. त्या सगळ्या लढ्यात ‘पर्यावरण’ हा शब्द कुठेही नव्हता. पण वीज एकाला आणि बुडणं दुसऱ्याला ही वाटणी कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. पुढच्या शंभर वर्षांत तोच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा समोर आला.

जपानमधल्या मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात तो मांजरांपासून सुरू झाला. 1950च्या दशकात तिथली मांजरं तोल जाऊन गोल गोल फिरू लागली, काही समुद्रात पडून मेली. मग माणसांचे हातपाय कापू लागले, जीभ अडखळू लागली, नजर आखडत गेली. 1 मे 1956ला या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीचा कारखाना 1932पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करत होता आणि त्याचं पारामिश्रित सांडपाणी खाडीत जात होतं. पारा माशांत साठत गेला. जे रोज तीच मासळी खात, त्या कोळी कुटुंबांच्या अंगात तो सगळ्यात जास्त उतरला.

1959मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी एका मांजराच्या खाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळून पाहिलं. त्या मांजराची नोंद 400 क्रमांकाची. त्याला तोच आजार झाला. कंपनीनं हा निष्कर्ष दाबून ठेवला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रुग्णांशी ‘सहानुभूती’च्या नावाखाली तुटपुंज्या रकमेचा करार केला. उद्या दोष कंपनीचा निघाला तरी आणखी भरपाई मागायची नाही, असं त्यात कलम होतं. सांडपाणी थांबायला 1968 उजाडलं, तेही ती उत्पादनपद्धत कालबाह्य झाली म्हणून. सरकारनं कारण मान्य केलं ते त्यानंतर काही महिन्यांनी.

या बारा वर्षांत रुग्णांना फक्त आजाराशी लढायचं नव्हतं. अख्खं गाव कारखान्यावर जगत होतं, त्यामुळे तक्रार करणारा शेजाऱ्यांनाच नकोसा झाला होता. 1970मध्ये रुग्णांनी आणि त्यांच्या समर्थकांनी चिस्सोचा प्रत्येकी एकेक शेअर विकत घेतला आणि ते ओसाकाच्या भागधारक सभेत जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं, त्या संचालकांना त्यांच्यासमोर बसावं लागलं. 1973मध्ये न्यायालयानं कंपनीला दोषी धरलं आणि तो जुना करारही रद्दबातल ठरवला. पर्यावरणाच्या इतिहासात मिनामाताचं नाव पाऱ्यामुळे घेतलं जातं. मला वाटतं, ते त्या एकेका शेअरमुळेही घ्यायला हवं.

त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात एक अनपेक्षित जोडी जमली. सिडनीच्या हंटर्स हिल या सुखवस्तू वस्तीतल्या तेरा बायका केलीज बुश नावाचा नैसर्गिक झाडीचा तुकडा वाचवायला धडपडत होत्या. सरकारदरबारी दाद लागेना, तेव्हा त्या बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. जॅक मंडी तिचे सचिव होते. 1971मध्ये युनियननं त्या जागेवर काम करायला नकार दिला. विकासकानं बाहेरचे मजूर आणायची धमकी दिली, तेव्हा त्याच्याच दुसऱ्या बांधकामावरच्या मजुरांनी कळवलं की तिथलं एक झाड जरी पडलं तरी ही अर्धवट इमारत कायमची अर्धवट राहील. या बहिष्कारांना ‘ग्रीन बॅन’ म्हणू लागले. पुढच्या तीनेक वर्षांत असे चाळीसहून अधिक बहिष्कार घातले गेले, आणि त्यांत गरिबांची घरं पाडायला दिलेला नकारही होता. आपल्या हातानं आपण काय बांधायचं हे ठरवण्याचा हक्क मजुराला आहे, असं मंडी मांडत. रोजगार हवा की झाड, असं विचारून लोकांना गप्प करणाऱ्यांना याहून नेमकं उत्तर क्वचितच मिळालं असेल.

1972च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे आलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, असा त्यांचा प्रश्न होता. तो पुढे अर्धवट उचलला गेला आणि गरीबच घाण करतात असा उलटा अर्थ काढायलाही वापरला गेला. त्याचं सर्वांत भक्कम उत्तर दोन वर्षांत हिमालयातून आलं.

चमोली जिल्ह्यात 1973मध्ये चिपको सुरू झालं ते अवजारांच्या लाकडावरून. शेतीच्या अवजारांसाठी गावकऱ्यांना अंगूची झाडं नाकारली गेली आणि तीच खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली गेली. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध उभे राहिले. 1970च्या जुलैत अलकनंदेला आलेला महापूर लोकांच्या डोळ्यांसमोर होता. जंगल तुटलं की डोंगर खाली येतो, हे त्यांना शिकवायला कोणाची गरज नव्हती.

26 मार्च 1974ला रैणी गावातले पुरुष जमिनीची अडकलेली भरपाई घ्यायला चमोलीला गेले होते. नेमक्या त्याच दिवशी ठेकेदाराची माणसं जंगलाकडे निघाली. एका मुलीनं त्यांना पाहिलं आणि धावत जाऊन गौरा देवींना सांगितलं. गौरा देवी महिला मंगल दलाच्या प्रमुख होत्या. सत्तावीस बायका-मुलींना घेऊन त्या वाटेत उभ्या राहिल्या. बंदूक दाखवली गेली तरी हलल्या नाहीत. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्या सांगत होत्या. जळण, चारा, औषध, अडीनडीचा आधार, सगळं एका शब्दात आलं. रात्रभर पहारा दिला आणि लिलावात गेलेली सुमारे अडीच हजार झाडं उभी राहिली.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सरकारी समितीनं गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरवलं, त्या भागातली तोड थांबली. आणि मग 1982मध्ये वरचा सगळा पट्टा नंदादेवी राष्ट्रीय उद्यान म्हणून बंद झाला. ठेकेदारांसोबत गावकरीही बाहेर राहिले. चराई, जडीबुटी, गिर्यारोहकांसोबतचं काम, सगळं थांबलं. ज्यांनी जंगल वाचवलं त्यांनाच जंगलबंदी झाली. 1998मध्ये शेजारच्या लाता गावातून ‘झपटो छीनो’ आंदोलन निघालं, ते या बंदीविरुद्ध. यलोस्टोनचा नमुना हिमालयात पोचला होता. जंगलावर अवलंबून असलेल्यांच्या हक्कांना कायद्यानं मान्यता मिळाली ती 2006च्या वनाधिकार कायद्यात.

‘पर्यावरण-न्याय’ हा शब्दप्रयोग मात्र अमेरिकेतून रुळला. नॉर्थ कॅरोलिनात 1978मध्ये पीसीबी या विषारी रसायनाचं तेल चोरून रस्त्यांच्या कडेला ओतलं गेलं. सुमारे 240 मैलांची माती बाधित झाली. ती पुरायला जागा निवडली वॉरेन काउंटीत, म्हणजे वॉरेन जिल्ह्यात, जिथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आणि गरीब होती. तिथे भूजलही फारसं खोल नव्हतं. 15 सप्टेंबर 1982ला मातीचे ट्रक येऊ लागले, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले. पुढच्या काही आठवड्यांत पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत. पण अटक झालेल्यांत अमेरिकी काँग्रेसमधले प्रतिनिधी वॉल्टर फाँट्रॉय होते आणि त्यांनी सरकारी लेखापरीक्षण संस्थेला पाहणी करायला लावली. 1983च्या तिच्या अहवालात दिसलं की आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या घातक कचऱ्याच्या चार मोठ्या पुरणजागांपैकी तीन कृष्णवर्णीय वस्त्यांत आहेत. 1987मध्ये एका चर्च संघटनेनं देशभरचा अभ्यास केला. कचरा कुठे जाणार हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून जास्त ठरतं, असं त्यात निघालं.

मग प्रश्न चळवळीलाही विचारला गेला. 1990मध्ये शंभराहून अधिक कार्यकर्त्यांनी देशातल्या दहा मोठ्या पर्यावरण संस्थांना पत्र लिहिलं: तुमच्या नेतृत्वात आमची माणसं कुठे आहेत? पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला वंचित समूहांची स्वतःची परिषद भरली आणि तिनं सतरा तत्त्वं मान्य केली. 1994मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खात्यांना न्यायाचा विचार बंधनकारक करणारा आदेश काढला. तो जानेवारी 2025मध्ये रद्द करण्यात आला.

1987मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची जी व्याख्या दिली, ती पुढच्या पिढ्यांच्या गरजा सांभाळायला सांगते, आणि आजच्या गरिबांच्या गरजांना अग्रक्रम द्यायलाही. दुसरा भाग सोयीनं वगळला जातो. 1992मध्ये रिओला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतलं दहावं तत्त्व मला याहून उपयोगी वाटतं: माहिती मिळणं, निर्णयात सहभाग असणं आणि दाद मागता येणं. मुळशीच्या शेतकऱ्यांना या तीनपैकी काहीच पुरतं मिळालं नव्हतं. 1998चा युरोपातला आर्हूस करार आणि 2021मध्ये लॅटिन अमेरिकेत अमलात आलेला एस्काझू करार याच तत्त्वावर उभे आहेत. एस्काझूमध्ये पर्यावरण-कार्यकर्त्यांच्या संरक्षणाचं स्वतंत्र कलम आहे. त्यामागे रक्त आहे. ब्राझीलमध्ये रबराचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांचे नेते चिको मेंडिस यांचा 22 डिसेंबर 1988ला खून झाला. होंडुरासमध्ये लेंका समाजाच्या नदीवरचं धरण अडवणाऱ्या बेर्ता कासेरेस 2 मार्च 2016च्या रात्री स्वतःच्या घरात मारल्या गेल्या.

हवामानबदलाच्या चर्चेत तोच प्रश्न देशादेशांत आला. 1991मध्ये दिल्लीतले पर्यावरण-अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दाखवून दिलं की भातशेतीतून निघणारा वायू आणि मोटारींतून निघणारा धूर एकाच तराजूत तोलता येत नाहीत. एक जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. त्याच वर्षी पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेटदेशानं छोट्या बेटांच्या वतीनं समुद्रपातळीच्या नुकसानीसाठी निधी मागितला. असा निधी उभारायचं मान्य व्हायला 2022 उजाडलं. कोळसा आणि तेलावर पोट असलेल्या कामगारांना वाऱ्यावर सोडून बदल होऊ नये, ही मागणी अमेरिकी कामगार नेते टोनी मॅझोकी यांच्यापासून सुरू झाली आणि ‘न्याय्य संक्रमण’ या शब्दांत 2015च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत पोचली. जुलै 2025मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हवामानाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदाऱ्या असल्याचं मत दिलं. त्याची सुरुवात पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019मध्ये केली होती.

आणि रैणी? 7 फेब्रुवारी 2021ला वरच्या डोंगरातून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला, गावाखालचा ऋषिगंगा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. या प्रकल्पातल्या सुरुंगांबद्दल गावकरी 2019मध्येच न्यायालयात गेले होते. पुरानंतर तिथले प्रकल्प रद्द करावेत म्हणून रैणी आणि जोशीमठ परिसरातले पाच जण पुन्हा उच्च न्यायालयात गेले. 14 जुलै 2021ला याचिका फेटाळली गेली, त्यांच्या हेतूवर शंका घेतली गेली आणि प्रत्येकाला दहा हजार रुपये भरायला सांगण्यात आलं. त्याआधी महिनाभर, गावाखालचा रस्ता खचला म्हणून गौरा देवींचा पुतळा रैणीतून काढून जोशीमठला नेला होता.