कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीचा आकडा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्यांपेक्षा सल्लेच जास्त होतात. त्यातला हा एक: "कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे ना? मग बीपीची कशाला? नळ्या साफ झाल्या की प्रेशर आपोआप उतरतं!"

बीपी उतरतं हे खरं. पण किती? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने हृदयविकार-मधुमेह नसलेल्या ९७३ जणांवर चाचणी घेतली, निकाल २००८मध्ये आले. काहींना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, काहींना बिनऔषधाची गोळी. सहा महिन्यांनी स्टॅटिनवाल्यांचं वरचं आणि खालचं बीपी सरासरी दोन-अडीच पॉइंटने कमी भरलं. नुसता जिना चढून आल्या आल्या मोजलं तरी आकडा याहून जास्त हलतो.

गंमत कारणात आहे. धमनीतला थर सहा महिन्यांत धुऊन निघत नाही. स्टॅटिन अडवतं ते एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम. त्याच्यामुळे मेव्हॅलोनेट हा पेशीतला कच्चा माल बनतो, आणि मेव्हॅलोनेटपासून एकटं कोलेस्टेरॉल बनत नाही. त्याच्याच एका फाट्यावर जेरानिलजेरानिल (जीभ अडखळली तरी हरकत नाही) ही २० कार्बनची तेलकट शेपटी तयार होते आणि 'ऱ्हो' नावाच्या प्रथिनाला चिकटते. शेपटी असेल तरच ऱ्हो पेशीच्या पटलात रुतून कामाला लागतं. काम दोन तऱ्हेचं: धमनीचे स्नायू आवळून धरायचे, आणि अस्तराच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचा आरएनए (ते एन्झाइम बनवण्याच्या सूचनेची प्रत) लवकर मोडायचा. नायट्रिक ऑक्साइड हा धमनी सैल करणारा वायू. त्याच्या या कामाच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. मेव्हॅलोनेट घटलं की शेपट्या कमी पडतात, ऱ्होचा जोर ओसरतो, आरएनए टिकतो आणि वायू वाढतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत ही साखळी नीट दिसते. माणसात तिचा वाटा किती, यावर वाद आहे.

आलं-लसूण-लिंबाच्या काढ्याने 'ब्लॉकेज उघडतात' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांनी यातली एक तरी पायरी दाखवावी. काढा चवीला चांगला लागतो, तेवढंच.

दोन पॉइंटच्या भरवशावर बीपीची गोळी स्वतःहून सोडू नका. उलट दोन्ही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दोघींची नावं सांगा. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनमुळे सिम्वास्टॅटिन या स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून त्या जोडीत सिम्वास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत; नेलं तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो.