एचओ की डबल ओ? रूळ एकच, इंजिनं वेगळी

देणगीत आलेल्या खोक्यातून मॉडेल रेल्वेची इंजिनं निघाली की एक चूक हमखास होते. कुणीतरी रुळाचा तुकडा घेतं, त्यावर इंजिन ठेवून बघतं, ते नीट बसतं आणि चिठ्ठीवर ‘एचओ’ लिहून काम संपतं. एचओ आणि डबल ओ ही मॉडेल रेल्वेची दोन प्रमाणं. पुष्कळदा ते इंजिन एचओ नसतंच, डबल ओ असतं. दोन्ही एकाच रुळावर बसतात, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. त्यामुळे या दोघांतला फरक रुळाला विचारून कळत नाही.

फरक आहे प्रमाणात. एचओ म्हणजे 1:87, खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला 3.5 मिलिमीटर. डबल ओ म्हणजे 1:76, एका फुटाला 4 मिलिमीटर. खऱ्या स्टँडर्ड गेजच्या, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेतल्या नेहमीच्या रेल्वेच्या, दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की बरोबर 16.5 येतात. 76 ने भागलं तर जवळजवळ 19. म्हणजे डबल ओचं इंजिन स्वतःच्या मापापेक्षा अरुंद रुळावर उभं असतं. ते समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा. चाकं अंगाखाली आत ओढून घेतल्यासारखी दिसतात. एकदा हे नजरेत बसलं की मग सहज ओळखू येतं.

असं विजोड माप का आलं, हेही समजून घ्यायला हवं. ब्रिटनमधले पूल आणि बोगदे अंगासरशी बांधलेले, त्यामुळे तिथली इंजिनं युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांपेक्षा उंचीरुंदीला कमी. त्या काळची मोटर 3.5 मिलिमीटरच्या हिशेबाने केलेल्या बॉयलरमध्ये मावेना. मग अंग वाढवलं आणि रूळ तोच ठेवला. ब्रिटनच्या मेकॅनो या खेळणी कंपनीने 1938 मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ बाजारात आणली. त्या नावातला ‘डब्लो’ म्हणजे डबल ओच. गोंधळाचं मूळही इथेच आहे. खरं ब्रिटिश इंजिन लहान, पण मॉडेल मोठ्या प्रमाणाचं. खरं अमेरिकन इंजिन अवाढव्य, पण मॉडेल लहान प्रमाणाचं. फळीवर दोन्ही शेजारी ठेवली तर साधारण सारखीच भरतात.

म्हणून मापायचं ते अंग. इंजिनाच्या केबिनवरचा नंबर किंवा बाजूचं नाव वाचा, खऱ्या इंजिनाची लांबी शोधा आणि पट्टी लावा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ब्रिटिश वाफेचं इंजिन टेंडरसकट (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीसकट) सुमारे 70 फूट आहे. डबल ओमध्ये ते 280 मिलिमीटर भरायला हवं, एचओमध्ये 245. साडेतीन सेंटिमीटरचा फरक लपत नाही. नाव-नंबर पुसलेला असेल तर केबिनच्या दाराशी माणसाची बाहुली उभी करून बघा. सहा फुटी माणूस डबल ओमध्ये 24 मिलिमीटरचा, एचओमध्ये 21 चा. जी बाहुली दारात सहज शोभते, तिचंच प्रमाण बहुधा इंजिनाचं असतं.

कपलिंग, म्हणजे डबे जोडायची कडी, तीही बोलते. रुंद आडवी पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकचा वा पत्र्याचा आकडा दिसला तर बहुधा ब्रिटिश डबल ओ. पुढे गायी हटवायची जाळी, घंटा, आणि बफर (टोकाला धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्या) अजिबात नाहीत, तर अमेरिकन, म्हणजे बहुतेक वेळा एचओ. ‘बहुतेक वेळा’ मुद्दाम म्हणतो, कारण अपवाद आहेत आणि तेच महागात पडतात. लिमा या इटालियन कंपनीने सुरुवातीला ब्रिटिश इंजिनं एचओमध्ये काढली, नंतर ती डबल ओकडे वळली. उलट अमेरिकेच्या लायनेलने 1938 ते 1942 या काळात डबल ओ काढली, तीही 19 मिलिमीटरच्या रुळावर. अमेरिकन इंजिन 16.5 च्या रुळावर बसत नसेल तर ते बिघडलंय असं समजून बाजूला टाकू नका, आधी कॅलिपर लावा. खोक्यावरच्या अक्षरांवरही विसंबू नये. जर्मनीच्या मार्कलिनने 1935 मध्ये जी छोटी रेल्वे आणली ती तेव्हा डबल शून्य (00, दिसायला डबल ओसारखंच) म्हणून विकली गेली. आज तिच्या वंशजांना सगळे एचओ म्हणतात.

इंजिन चालतं का हे बघण्याआधी ते उलटं करा. पोटाखाली मधोमध लांब घसरपट्टी किंवा पत्र्याची जीभ असेल तर ते तीन रुळांचं, म्हणजे मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारं आहे. मार्कलिनचं असेल तर एसीवर चालणारं, हॉर्नबी डब्लोचं असेल तर 12 व्होल्ट डीसीवर. डब्लोची दोन रुळांची इंजिनं 1959 पासूनची. तीन रुळांच्या इंजिनाची चाकं एकमेकांपासून विद्युतरोधी नसतात. ते दोन रुळांवर ठेवलं की सरळ शॉर्ट होतं. तेवढ्यावरून ‘बंद आहे’ असा शेरा मारणं म्हणजे चांगल्या इंजिनावर अन्याय.

आता किंमत. एचओ महाग की डबल ओ, या प्रश्नाला उत्तर नाही. प्रमाण फक्त एवढंच ठरवतं की ही वस्तू कोणत्या संग्राहकांपुढे जायला हवी. चुकीच्या चिठ्ठीने ती भलत्याच मंडळींपुढे जाते आणि मातीमोल होते. तेच मॉडेल, त्याच अवस्थेतलं, प्रत्यक्ष विकलं गेलं ती रक्कम धरा. मागितलेली किंमत धरू नका, कुणीही काहीही मागतं. मूळ खोका आहे का, खोक्यावरचा नंबर आतल्या इंजिनाशी जुळतो का, रंग मूळचा आहे की कुणी हौसेने पुन्हा मारलाय, हे पाहायचंच.

दोन गोष्टींबाबत मात्र जास्त जपावं लागतं. पहिली, जस्ताच्या ओतकामातली कीड. मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असलं की काही दशकांनी ओतकाम फुगतं, वाकतं, बारीक भेगा पडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंजिनांत हे जास्त. बाहेरून झकास दिसणारं इंजिन चाकांच्या चौकटीशी बोटांनी हलकेच चाचपा. चौकट कमानीसारखी वाकलेली किंवा भुगा सुटलेला दिसला तर ते चालवून बघू नका. यावर इलाज नाही आणि किंमत धाडकन खाली येते.

दुसरी, पितळेची इंजिनं. जपान आणि कोरियात हाताने जोडलेली, अमेरिकन बाजारासाठी केलेली एचओ मॉडेलं अनेकदा न रंगवलेली येत. ती पिवळी, किंचित काळवंडलेली दिसतात, आणि प्लास्टिकच्या ढिगात कुणाला जुनं खेळणं वाटतात. त्यांची किंमत त्या ढिगाच्या कितीतरी पट असू शकते. आणि नेमकं त्यांनाच कुणीतरी प्रेमाने पितळेच्या पॉलिशने घासतं. वरचा लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर गेला की तो परत येत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा आणि तिथेच थांबा.

चिठ्ठीवर मी एवढं लिहितो: प्रमाण आणि ते कशावरून ठरवलं, दोन रूळ की तीन, बनवणारा, इंजिनाचा नंबर, मोजलेली लांबी, खोका जुळतो की नाही, काय तुटलंय. चालवून पाहिलं नसेल तर ‘चालवून पाहिलेलं नाही’ असंच लिहितो.