मुलांच्या खोलीचा रंग: प्रकाश, शिसे आणि रंगाचे हात

शेडकार्डवर आवडलेला फिकट पिवळा चारही भिंतींवर लागला की भडक दिसू लागतो, आणि दुकानातून चुकीची छटा आली असे वाटते. बहुतेक वेळा छटा बरोबरच असते. फरक पडतो तो प्रकाश खोलीत कसा फिरतो त्यामुळे.

समजा एखादा पिवळा रंग त्यावर पडलेल्या पिवळ्या प्रकाशापैकी 80 टक्के परत पाठवतो आणि निळ्यापैकी 40 टक्के. शेडकार्डच्या तुकड्यावरून प्रकाश एकदाच परतून डोळ्यात येतो, म्हणून हे प्रमाण दोनास एक राहते. खोलीत मात्र प्रकाश एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जातो आणि मग डोळ्यात येतो. दुसऱ्या परतीला पिवळा 64 टक्के उरतो, निळा फक्त 16 टक्के. प्रमाण झाले चारास एक. प्रत्येक उडीला रंग असा गडद होत जातो आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा त्याच पट्टीतली एक किंवा दोन पायऱ्या फिकट छटा घ्यावी.

हे पैसे घालण्याआधी तपासता येते. नमुन्याचा छोटा डबा आणून दोन मोठ्या ड्रॉइंग शीटवर रंगाचे दोन-दोन हात द्यावेत. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, ओले असताना दुधट दिसते आणि वाळल्यावर गडद होते, त्यामुळे निकाल दुसऱ्या दिवशीच द्यावा. दोन्ही शीट कोपऱ्यात काटकोनात उभ्या कराव्यात. सकाळी, दुपारी, ऊन उतरताना आणि रात्री दिवा लावून पाहावे. यातली रात्रीची तपासणी बहुतेक जण गाळतात, आणि शाळेत जाणारे मूल तर आपल्या खोलीत जागे असते ते मुख्यतः दिवेलागणीनंतरच. आपल्याकडे बऱ्याच घरांत 6500 केल्विनचे पांढरे-निळसर एलईडी असतात. त्यांच्याखाली फिकट जांभळा राखाडी वाटतो आणि गुलाबीतली ऊब जाते. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तीच भिंत वेगळी दिसते. दिवे बदलायचे असतील तर रंग निवडण्याआधी बदलावेत.

खिडकीची दिशाही पाहावी. उत्तरेच्या खिडकीतून मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड येतो. पण मुंबई 19 अंश अक्षांशावर असल्याने तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या उत्तरेला असतो. ‘उत्तरेची खोली कायम थंड’ हा थंड देशांतल्या सजावटीच्या पुस्तकांतला नियम इथे तसाच लागू होत नाही. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचे नारिंगी ऊन पीच किंवा केशरी भिंतीला फारच तापवते. तिथे फिकट हिरवा किंवा निळसर राखाडी बरा. समोरच्या इमारतीची भिंत लाल असेल तर तिचा रंगही खोलीत येतो.

निळ्याने मूल शांत होते, लालने चिडते, असे ठामपणे सांगितले जाते. त्यामागचा पुरावा फार तोकडा आहे. 1979 मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल इथल्या नौदलाच्या कोठडीत भिंतींना एक खास गुलाबी रंग दिला होता आणि कैदी शांत झाल्याचा बोलबाला झाला. पुढे नीट तुलना करून केलेल्या अभ्यासांत तो परिणाम दिसला नाही. झोपेवर भिंतीपेक्षा दिव्याचा परिणाम मोठा असतो. डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात, त्या सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री मंद, पिवळसर दिवा ठेवला तर भिंत निळी असली तरी बिघडत नाही. रंग मुलाच्या आवडीने ठरवायला म्हणूनच काही हरकत नाही.

हरकत आहे ती शिशाला, आणि इथे तडजोड नको. पिवळा, केशरी आणि लाल रंग उजळ व्हावा म्हणून पूर्वी लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य सर्रास वापरत. भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग आहे. नवा डबा घेताना त्यावर तसा स्पष्ट उल्लेख पाहावा. खरा धोका जुन्या घरांतल्या दारे, खिडक्या आणि ग्रिलवरच्या ऑइल पेंटच्या थरांत असतो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि त्याची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये, बर्नरने जाळू नये. पृष्ठभाग ओला करून पॉलिश पेपर मारावा, खाली प्लास्टिक अंथरावे, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, आणि काम संपेपर्यंत मुलांना दुसरीकडे ठेवावे.

शिसे गेल्याचा एक परिणाम रंगाऱ्यांना रोज दिसतो. लेड क्रोमेट खालचे चांगले झाकायचे. त्याच्या जागी आलेली सेंद्रिय पिवळी-लाल रंगद्रव्ये बरीच पारदर्शक असतात. शिवाय गडद छटा ज्या मूळ रंगात (बेसमध्ये) मिसळून बनतात, त्यात खालचे झाकणारे पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड कमी असते. म्हणून भडक पिवळ्याला दोन हात पुरत नाहीत, तीन किंवा चार लागतात आणि पुट्टीचे डाग तरीही डोकावतात. आधी त्याच कुळातल्या फिकट, दाट छटेचा एक हात दिला तर वरचे हात वाचतात.

10 बाय 11 फुटांच्या, साडेनऊ फूट उंच खोलीच्या भिंती 399 चौरस फूट भरतात. दार-खिडकी वजा करून सुमारे 360 उरतात. पुट्टी-प्रायमर केलेल्या भिंतीवर लिटरभर इमल्शन दोन हातांत साधारण 120 ते 140 चौरस फूट जाते, म्हणजे तीन लिटर जेमतेम. चारचा डबा घ्यावा. रंग पुरवण्यासाठी डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त पाणी घातले की बाइंडर, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणारा घटक, विरळ होतो, आणि वर्षभरात भिंतीला हात लावला की भुकटी लागते.

भिंतीत ओल असेल तर आधी ती बंद करावी. ओलीबरोबर क्षार बाहेर येतात, लोणा लागतो आणि पुट्टीसकट पोपडे सुटतात. नवे प्लास्टर किमान 28 दिवस मुरू द्यावे, नाहीतर त्यातला अल्क (अल्कली) रंग फिका पाडतो. कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नये.

लहान मुलांच्या खोलीत पूर्ण मॅट फिनिश टाळावे. त्यात बाइंडर कमी असतो, आणि क्रेयॉनचा डाग घासला की तिथे चकाकता पट्टा उरतो. सॅटिन किंवा सॉफ्ट शीन, म्हणजे हलकी चमक असलेले फिनिश, सौम्य साबणाच्या फडक्याने पुसता येते, फक्त त्यावर भिंतीचा उंचसखलपणा दिसतो, त्यामुळे पुट्टी नीट घासलेली हवी. पाण्यातले, कमी व्हीओसीचे (हवेत उडणारी रसायने कमी असलेले) इमल्शन घेतले तरी वास जाईपर्यंत, निदान आठवडाभर, खिडक्या उघड्या ठेवून मगच मुलांना तिथे झोपवावे. उरलेला रंग काचेच्या बरणीत गच्च बंद करून तिच्यावर छटेचा कोड, बॅच क्रमांक आणि फिनिश लिहून ठेवावे. पुढे डाग झाकताना ठिपका न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी, कारण जुना रंग तोवर थोडा उतरलेला असतो.